कुमुदताई सभेत काय म्हणाली

उरण, ९ जानेवारी २०२५

ती. कुमुदताईस, शि. सा. न. वि. वि.

डोक्यातल्या गाठीच्या ऑपरेशनचे टाके सुकले, भाकऱ्या पुन्हा स्वतः थापतेस, असं तुझ्या मुलाने, धनेशने कळवलं. जीव भांड्यात पडला. रविवारी गावकीची सभा आहे म्हणे, तुझ्या समोरच्या आनंदाच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर काढण्यासाठी. टॉवरमुळेच गाठ झाली असं तू उभं राहून सांगावंस, अशी धनेशची फार इच्छा आहे. माझीही. तुझ्यापुढे कोण बोलणार?

तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा धाकटा भाऊ,
काळूराम


पनवेल, २० जानेवारी २०२५

चि. काळूरामास, अ. उ. आ.

पत्रच लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

सभेत डोक्याला रुमाल बांधून उभी राहिले. म्हटलं, गाठ होती हे खरं, पण कशाने झाली ते मला ठाव नाय. डॉक्टरांना मी विचारलं होतं. अशी गाठ वाढायला वर्षं लागतात, आणि टॉवर तर मागच्या गणपतीत लागला. मोबाइलच्या लहरींचा मेंदूवर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. त्या लहरींनी गाठ होते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, असं ते म्हणाले. तेच सांगितलं. धनेश तावातावाने उठून गेला. आनंदाची बायको हौसा मागे बसून रडत होती. गावात तिच्याशी कोणी बोलत नाय.

लहरी मोजून घ्यायच्या अर्जावर मात्र पहिली सही माझी. लोकांची भीती हसण्यावारी नेऊ नये. ऑपरेशनच्या आधी मलाही कुणावर तरी रागवायचं होतं रे. आनंदा समोरच राहतो. पण त्याला शिव्या देऊन गाठ थोडीच विरघळणार होती?

घरच्यांना आशीर्वाद. आठवण ठेव.
ताई


उरण, १६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवलं, मग एकट्याने पुन्हा वाचलं. तुझ्या जागी मी असतो तर लोकांना हवं तेच बोललो असतो. एवढ्या आजारातून उठून हे बळ कुठून आणलंस?

मोजणीत लहरी मर्यादेतच निघाल्या, पण सगळ्यांना ते पटलं नाही, असं धनेश सांगत होता. तो काल माझ्याकडे आलाय. तुला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तो बाहेर बसून टॉवरला शिव्या देत होता म्हणे, देवाला द्यायची भीती वाटली म्हणून. बोलता बोलता रडला. आता आनंदाकडे जायचं म्हणतो, पण एकट्याला लाज वाटते. म्हणून येत्या रविवारी मीही त्याच्याबरोबर येतोय.

तुझ्या मायेचा भुकेला,
काळूराम

ता. क. आधी आनंदाकडे जाऊ, मग तुझ्याकडे जेवायला. हौसालाही बोलाव.