स्टीअरिंगवरचं एक बोट

प्रिय रॉली,

ॲलिस स्प्रिंग्ज सोडलं. आम्ही दोघी बहिणी धडधाकट आहोत, गाडीही. तंबूत चक्क पलंग, गालिचा आणि आंघोळीचा टब आहे! तू म्हणाला असतास, "हा तंबू असेल तर मी राजा." झोप छान लागते. पलंग फारच रुंद आहे, एवढंच.

काल वाळूत शिरण्याआधी बेरिलला म्हटलं, "टायरमधली हवा कमी कर गं." तर म्हणते, "नवी फोर-व्हील गाडी आहे, तुझ्या नवऱ्याचा खटारा नव्हे!" मग गाडी बसली रुतून. निम्मी हवा सोडली तेव्हा कुठे निघालो. मी फक्त तुझ्यासारखी शीळ घातली.

लेक जोडी वेळेवर जेवायला देते ना? तिच्यावर चिडू नकोस. ताटातलं कुत्र्याला घालू नकोस, मला इथूनही कळतं. हाताचा व्यायाम करतोस का? अर्धांगाच्या झटक्यापासून हात उचलला जात नाही म्हणून तू परवा रडलास, असं जोडी फोनवर म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली होती.

इथल्या लाल रस्त्यावर क्वचितच गाडी दिसते. समोरचा नमस्कारादाखल स्टीअरिंगवरून एक बोट उचलतो, मीही उचलते. बेरिल विचारते, "ओळखीचा होता?" शहरात राहून ही रीत विसरली बिचारी.

रविवारी फाटकातून आत वळताना मी बोट उचलेन. तू व्हरांड्यात बस. अख्खा हात नको रॉली, आपल्याकडे एक बोटच उचलतात.

वाटेवर असलेली तुझी,
व्हर्ना