कमिटीने मंजूर केलेलं दार

४ फेब्रुवारी

पोहोचलो. जागा झकास आहे. टेकडीवर लांबट दगडी इमारत, मधोमध प्रार्थनेचं सभागृह, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. माझ्या खोलीची खिडकी उघडते आणि मुख्य म्हणजे बंदही होते. माझ्या धंद्यात याला चैन म्हणतात. हुद्दा देखभालवाल्याचा. राहणारे पस्तीसेक जण, बहुतेक साठीच्या पुढचे, जगाच्या शेवटाची वाट पाहायला एकत्र आलेले. माणसं प्रेमळ आहेत. आल्या आल्या तिघांनी चहा विचारला, एकाने आणलाही.

दाजी गेल्यापासून ताई इथेच आहे. मी तिला घरी न्यायला आलोय, आणि हे तिलाही ठाऊक आहे. तिची अट एकच: या म्हाताऱ्यांचं घर आधी नीट करून दे, मग मी बॅग भरते. मी म्हटलं, महिन्याभराचं काम. ती म्हणाली, ठोक्या, तुझे महिने मला माहीत आहेत. आठवीत असताना मी तिला एक स्टूल बनवून दिलं होतं. ते डुगडुगतं, हे ती आजवर प्रत्येक पाहुण्याला सांगत आली आहे. जीव लावणारी बाई, पण कौतुक म्हणून तोंडातून निघायचं नाही.

६ फेब्रुवारी

कमिटीपुढे उभा राहिलो. कमिटी म्हणजे प्रवचन देणारे पाळकसाहेब आणि चिटणीसबाई. उरलेले सभासद डुलक्या घेतात, पण हात बरोबर वेळेला वर करतात.

मी म्हटलं, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, वॉशर बदलतो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. म्हणाले, भाऊ, शेवट उंबऱ्यावर येऊन उभा आहे आणि तुम्ही वॉशर घेऊन बसलात. छपराचे पत्रे नामंजूर. जिन्याचा कठडा नामंजूर. कठडा धरून कोणी स्वर्गात गेलेलं नाही, असं चिटणीसबाईंनी वर सुनावलं. मी म्हणालो, कठडा नसला की जरा लवकर जातील. कोणी हसलं नाही.

पाळकसाहेबांनी मागच्याच आठवड्यात दातांची नवी कवळी करून घेतली आहे. शेवटाची बातमी अजून दातांपर्यंत गेलेली दिसत नाही.

९ फेब्रुवारी

आज प्रवचन ऐकलं, कारण करायला दुसरं काम नाही. भविष्यवाणी अशी: आधी अगाधकूपातून, म्हणजे तळ नसलेल्या खड्ड्यातून, श्वापद वर येईल. शिंगंबिंगं चित्रकारांसाठी, प्रत्यक्षात ते गोड बोलेल, ज्याला जे हवं ते देईल, आणि सारं जग खुशीने त्याच्या मागे जाईल. मग थोड्या काळाने कोकरा, म्हणजे तारणारा, येईल, श्वापद अग्नीच्या सरोवरात टाकलं जाईल आणि मेलेले उठतील. मेलेले उठतील म्हणताना ताईने डोळे मिटले. तिच्या मनगटावर दाजींचं घड्याळ आहे, बंद पडलेलं. मी दुरुस्त करतो म्हटलं तर देत नाही.

नंतर मी विचारलं, श्वापद वर येणार आणि हरणार, यांच्या मधला तो थोडा काळ म्हणजे किती? पाळकसाहेब म्हणाले, ते सांगितलेलं नाही. इथल्या वॉशरचं काम 'थोड्या काळाने बघू' म्हणून ठेवलंय, त्याला तीन वर्षं झाली. मला वाटतं हा प्रश्न कोणीतरी आधी विचारायला हवा होता.

१२ फेब्रुवारी

स्वयंपाकघरामागच्या बोळात एक दार आहे, तळघराचं. जाडजूड लाकूड, लोखंडी पट्ट्या. फुगून चौकटीत असं रुतलंय की खांदा लावला तरी हलत नाही. गंमत म्हणजे बाहेरची कडी काढलेली. तोडलेली नाही, काढलेली. चौकटीवर एक काड्यापेटी, तिच्यात सगळे स्क्रू ओळीने. हे हौशी माणसाचं काम नव्हे. खाली भिंतीशी हत्यारांची पेटी, पटाशीला धार केलेली, धूळ बसलेली.

ताईला विचारलं. म्हणाली, आधीच्या देखभालवाल्याची. तो सोडून गेला. मी म्हटलं, पेटी न घेता? आमच्यातला माणूस बायको विसरेल, पेटी विसरणार नाही. तर म्हणे, म्हणूनच तुझं लग्न झालं नाही.

१३ फेब्रुवारी

नोंद घ्यावी असा दिवस. चिडून कमिटीत गेलो आणि म्हटलं, ते तळघराचं दार तरी रंधा मारून सारखं करू द्या, बिजागऱ्यांना तेल घालतो. नकार ऐकायच्या तयारीनेच उभा होतो. पाळकसाहेब आणि चिटणीसबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. मंजूर. एकमताने. झोपलेले सभासद जागे होऊन टाळ्या वाजवू लागले.

दिवसभर रंधलं. संध्याकाळी दार एका बोटाने उघडत होतं. पस्तीसच्या पस्तीस जण बघायला आले. काही रडले. इतकं कौतुक मला आयुष्यात मिळालेलं नाही. ताई तेवढी म्हणाली, खालची कड जरा तिरकी गेलीय.

पायऱ्या उतरून पाहिलं. रिकामं तळघर. हवा मात्र उबदार. तळघर थंड असायला हवं.

१५ फेब्रुवारी

दार बंद करून ठेवलं की उघडतं. माझं काम चुकलेलं नाही, ओळंबा लावून पाहिला. ऊब आता बोळापर्यंत येते, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी.

काड्यापेटीतले स्क्रू घेऊन कडी परत बसवली. सकाळी काढलेली. या वेळी स्वयंपाकाच्या सुरीने, सगळ्या स्क्रूंच्या खाचा खाऊन टाकलेल्या. सुरी ताईची. तिने नाकारलंही नाही. म्हणाली, कडी काढायचा ठराव फार पूर्वीचा आहे. श्वापद वर आलं नाही तर हरणार कसं, आणि ते हरलं नाही तर कोकरा येणार कसा? पण स्क्रू फिरवता येणारा एकच होता, आधीचा देखभालवाला, आणि तोच सगळ्यांत विरोधात. महिनाभर दारापाशी बसून राखण करत होता. मग एक दिवस दुपारी त्याने स्वतःच शांतपणे कडी काढली आणि हसत खाली उतरला. मागे दार फुगून बसलं.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

म्हणाली, वाट पाहिली.

मी संतापून वाटेल ते बोललो. ती मनगटावरचं घड्याळ चाचपत म्हणाली, तुला काय, तुझं कोणी गेलेलं नाही.

मी ते दार रंधलं. चांगलं रंधलं.

१७ फेब्रुवारी

जेवणानंतर माणसं एकेक करून खाली जातात. परत येतात. येतात हे खरं. चिटणीसबाई आल्या त्या गुणगुणत. मला म्हणाल्या, वॉशर बदला ना, पत्रे बदला, कठडा घाला, सगळं मंजूर.

स्वयंपाकघरात गेलो. नळ गळायचा थांबलाय. पत्रे सारखे झालेत. कठडा जागेवर, त्यावर हात फिरवला, सांधासुद्धा लागत नाही. यातलं काही मी केलेलं नाही. सगळे मात्र माझं अभिनंदन करतात.

पाळकसाहेब शेवटी गेले. वर येऊन माझा हात हातात धरला. हात गरम. म्हणाले, उत्तम काम, भाऊ, तुमच्यासारखा कारागीर पाहिला नाही. आणि सगळे दात दाखवून तोंडभर हसले. मागे टेबलावर पेला होता. पेल्यात त्यांची कवळी होती.

१८ फेब्रुवारी

ताई अजून खाली गेलेली नाही. पाळकसाहेबांना तसं हसताना तिनेही पाहिलं. आज म्हणाली, ठोक्या, हे गोड बोलणं— हेच ना ते, सांगितलेलं? मी म्हटलं, हेच. म्हणाली, मग कोकरा कधी? तिनेच बॅग भरायला घेतली. घर नीट झालंय, अट पुरी झाली, असंही म्हणाली.

उद्या सकाळी निघतो. चालतच उतरू.

१९ फेब्रुवारी

बॅग व्हरांड्यात आहे. ती चष्मा विसरला म्हणून आत गेली. मी थांबलो. मग धावलो.

बोळात दार उघडं. पहिल्या पायरीवर दाजींचं घड्याळ. चालू.

हाका मारल्या. खालून कोणीतरी पुरुष बोलत होता, हळू आवाजात, आणि ताई हसत होती. दाजी तसेच बोलायचे. मी त्यांना खांदा दिलाय. दोन पायऱ्या उतरलो आणि— नाही. ऊब पायांना लागली आणि इतकं बरं वाटलं की मी पळत वर आलो.

कडी बसवली. जाड स्क्रू, माझ्या पेटीतले. कोणी अडवलं नाही. सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसून माझ्याकडे बघत होते. कडी छान लावता, म्हणाले.

ताई आत आहे. मी तिला आत ठेवून कडी लावली आहे.

२० फेब्रुवारी

दारापाशी बसलोय. ती येऊन उभी राहिली पलीकडे. तिचाच आवाज. म्हणते, झालं रे सगळं, श्वापद हरलं, घरी जाऊया, उघड.

मी म्हटलं, शपथ घे. घेतली. दाजींची.

ताई कधीच कोणाची शपथ घेत नाही.

नंतर

थांबत नाही. ओरडत नाही, धक्के देत नाही. नुसतं बोलते. लहानपणचं. मला ताप आला होता तेव्हाचं. मी तिला म्हणालो, तू ती नाहीस. म्हणाली, बरं.

मग म्हणाली, दार सुरेख रंधलंस. खालची कड अगदी सरळ आहे.

कान झाकून बसलो. उपयोग नाही.

२१ फेब्रुवारी

ती नाही. मला माहीत आहे ती नाही. ताई असं कधी— लिहून ठेवतो म्हणजे लक्षात राहील. ती नाही.

दुपार

म्हणते, ठोक्या, ते स्टूल कधीच डुगडुगत नव्हतं रे. फरशीच खालीवर होती. मीच उगाच म्हणायचे.

चाळीस वर्षं.

मी विचारलं, काय म्हणालीस? पुन्हा म्हणाली. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाली, न कंटाळता—

दार जाड आहे. नीट ऐकू येत नाही. एक स्क्रू सैल केला तर फट पडेल, तेवढीच. उघडायचं नाही. फक्त—

घट्ट पिळले होते. हातानेच सुटतायत. काड्यापेटी चौकटीवर आहेच, त्यात ओळीने ठेवतोय, म्हणजे नंतर परत—

किती नीट ठेवतोस रे, म्हणते. मी म्हटलं, ताई, अजून एकदा सांग ना, ते स्टूल—