तात्पुरता मुक्काम, उदगीर

१२ जुलै
आजपासून रोजनिशी. फुकेतला असताना जमलं नाही, तिथं श्वास घ्यायला फुरसत नव्हती.
सध्या मुक्काम उदगीर, पण तात्पुरता. सीझन संपला, त्याच सुमाराला माझं वर्क परमिटही संपलं. शेठ म्हणाले, प्रीतम, घरी जाऊन ये, सीझनला बोलावतो. बोलावणारच. त्यांच्या इंडियन रेस्टॉरंटचं किचन मी एकट्यानं ओढलंय. टूरिस्ट माझं नाव घेऊन यायचे. निदान एक म्हातारा जर्मन तरी.
ठराव. बॅग उघडायची नाही, लागेल तेवढं वरच्या कप्प्यातून काढायचं. मनगटावरचं घड्याळ फुकेतच्याच वेळेवर ठेवायचं, म्हणजे दीड तास पुढं. ही सवय एकदा मोडली की माणूस इथलाच होऊन बसतो.
आईला तिकडून आणलेली चप्पल दिली. पट्ट्यावर काचेचे खडे, एकदम भारी. नंबर विचारला नव्हता, सहा आणली. जन्मदात्या आईचा पाय मला माहीत नाही का? किंचित घट्ट झाली. लेदर आहे, सैल पडेल.

१४ जुलै
सकाळी अकराला जेवायला मागितलं. घड्याळात साडेबारा झाले होते. आई म्हणाली, आत्ता तर न्याहारी झाली. तिला टाइम झोन समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि परत भाकरी थापायला बसली.

१९ जुलै
ग्रुप चांगला चाललाय. ‘फुकेत मराठी मित्रमंडळ, ऑफिशियल’. अ‍ॅडमिन मी. तिकडं राहणाऱ्या आपल्या लोकांच्या अडचणी साध्या असतात, पण सांगणारं कोणी नसतं. आज तीन प्रश्न आले. घराचं डिपॉझिट किती महिन्यांचं, स्कूटरला कुठलं लायसन्स चालतं, तूरडाळ कुठं मिळते. तिन्हींची उत्तरं वर माळवदावर चढून दिली, घरात रेंज येत नाही. मी कुठून बोलतोय हे कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.
आपल्या विहारात वर्षावास सुरू झालाय. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. आई पांढरी साडी नेसून जाते, पायात तिकडची चप्पल. विहाराच्या पायरीखाली शंभर चपला असतात, त्यांत हिची उठून दिसते. बायका विचारतात म्हणे, सुमनबाई, कुठली? ही सांगते, माझ्या लेकानं बुद्धाच्या देशातनं आणली. तीच चप्पल सगळीकडं घालते. नळावर, दुकानात. एक दिवस खंड नाही.
मलाही विहारात बोलावलं. तिकडचे भिक्खू वर्षावास कसा पाळतात, दोन शब्द सांगा म्हणाले. मी सांगितलं, फार शिस्तीत पाळतात. डोंगरावरची ती मोठी बुद्धमूर्ती पाहिली असेल ना, म्हणाले. रोजच दिसायची, म्हटलं. किचनच्या मागच्या दारातून खरंच दिसायची. वर जायला तेवढी सवड झाली नाही. आता गेल्यावर पहिल्याच सुट्टीत जायचं.

२ ऑगस्ट
उदगीरला राहणं अवघड आहे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. लाइट जाते. मुंग्या. (फुकेतलाही मुंग्या होत्या, पण त्यांचं वागणं वेगळं होतं.)
तिकडच्या खोलीच्या मालकीणबाई, नोई मावशी, त्यांना मेसेज टाकला. माझा कुकर, पांघरूण आणि तांदळाचा डबा सांभाळा, नोव्हेंबरात येतोय. एकच टिक आली. नेटवर्क असेल.
शेठना पण टाकला. तिथं दोन टिका आल्या. निळ्या व्हायच्या आहेत.

१० ऑगस्ट
लुंबिनीचा फोन. माझी धाकटी बहीण, किनवटला आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. शंभर पोरी सोडून तिला हलता येत नाही, म्हणून तिकडून फोनवर मला हलवत असते. दादा, आईची शुगर कधी तपासली? दादा, शुगरवाल्यांना पायाचं काही कळत नाही, रोज रात्री तळवे बघत जा. मी म्हटलं, मॅडम, मी परदेशात राहिलेला माणूस आहे, मला हेल्थचं सांगू नका.
ठराव: सोमवारी आईला लातूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. फुल बॉडी चेकअप. तिकडं तसंच करतात.

११ ऑगस्ट, सोमवार
लातूर रद्द. सोमवारी शेठची सुट्टी असते, फोन आला तर आजच येणार. एसटीत ऐकू येत नाही. पुढच्या सोमवारी नक्की.

१८ ऑगस्ट, सोमवार
वरीलप्रमाणे.

२१ ऑगस्ट
आज ग्रुपवर मोठं काम झालं. नांदेडचा हरिओम म्हणून पोरगा आहे, तिकडं हॉटेलात नवीन लागलाय. समुद्रात पाय कापला त्याचा. फोटो टाकला आणि विचारलं, हळद लावली तर चालेल का?
मी लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. म्हटलं, भावा, गरम दमट हवेत पायाच्या जखमेशी खेळायचं नसतं. हळद भाजीत घाल. आजच्या आज क्लिनिक गाठ. सैल सँडल घाल, दोन वेळा पाय धुऊन बघ, शुगर असेल तर एक तासही थांबू नको. अठ्ठावीस अंगठे आले. कोणीतरी लिहिलं, अ‍ॅडमिनसाहेब म्हणजे आपला आधार. डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.
आई विहारातून उशिरा आली, जरा लंगडत. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. चप्पल चावली म्हणाली. नवीन चप्पल चावतेच. हळद लावून दिली.

२९ ऑगस्ट
शेठच्या टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही, पण वाचलं तर आहे. फार मोठी प्रगती.
आईला विचारलं, पाय कसा आहे? बरा हाय म्हणाली. दुखतो का विचारलं, न्हाई म्हणाली. दुखत नाही म्हणजे भरत आलं. लुंबिनीला तसं कळवून टाकलं.

५ सप्टेंबर
घरात वास येतोय. उंदीर मेला असणार. पलंगाखाली बघितलं, धान्याच्या कोठीमागं बघितलं, माझी बॅगसुद्धा हलवली. नाही सापडला. फिनेल टाकलं. वास आईच्या खाटेकडं जास्त आहे, भिंतीत कुठंतरी असेल.
तिकडं एकदा एसीत पाल मेली होती तेव्हाही असंच झालं होतं. नोई मावशींनी तासाभरात माणूस पाठवला. आपल्याकडं सिस्टिमच नाही.
आई म्हणाली, मी आपली वट्ट्यावर झोपते, तुला तरास नको. मी म्हटलं, झोप, वाराही लागेल.

९ सप्टेंबर
उंदीर अजून सापडत नाही. पिंजरा आणला. गुंडप्पा (शेजारी, रिक्षा चालवतो) म्हणाला, मेलेल्या उंदराला पिंजरा कशाला रे? मी म्हटलं, दुसरे असतील की. त्याला लाँग टर्म विचार करायची सवय नाही.
ग्रुपवर आजची टिप: खोली भाड्यानं घेताना वास घेऊन बघा. वासावरून घर कळतं.

१२ सप्टेंबर
आई आज ग्रंथवाचनाला गेली नाही. वर्षावास लागल्यापासून पहिल्यांदा. अंगात कणकण आहे म्हणाली.
गुंडप्पा उंदीर शोधायला आला होता. ओट्यावर आईपाशी जरा वेळ थांबला. मग आत येऊन माझ्याकडं न बघताच म्हणाला, “उंदीर न्हाई बा प्रीतम. आईचा पाय बघ जा.”
चिंधी सोडली.
अंगठा काळा होता. शेजारची दोन बोटंही. मधे पट्ट्याचा वळ, त्यात एक काचेचा खडा रुतून बसलेला. मी खडा काढला तरी आई माझ्याच तोंडाकडं बघत होती. तिला कळलंही नाही.
गुंडप्पाच्या रिक्षातून गावातल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि चिठ्ठी लिहिली. आत्ताच्या आत्ता लातूर.
बाहेर आलो तर शेठचा मेसेज. उद्या व्हिडिओ कॉल करतो, मोकळा रहा, इम्पॉर्टंट.
एवढे महिने वाट पाहिली. डॉक्टर बोलतातच आत्ताच्या आत्ता, ती त्यांची पद्धत असते. एका दिवसानं काय होतंय? गुंडप्पा काहीबाही बोलला, ते लिहीत नाही.

१३ सप्टेंबर
इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून माळवदावर. कॉल आला नाही. शेठनी कळवलं, कल पक्का. खाली आईला ताप.

१४ सप्टेंबर
कॉल आला. शेठ हसतमुख होते. मागं किचन दिसलं, माझंच, नवीन टाइल्स लावल्यात. शेठशेजारी एक पोरगा उभा होता, माझा अ‍ॅप्रन घातलेला. नवीन कुक. शेठना तंदूरची फट कशी लिंपायची ते विचारायचं होतं, ते मलाच माहीत होतं. मी सांगितलं. माती कुठली घ्यायची, त्यात काय मिसळायचं, सगळं नीट सांगितलं. पोरानं थँक यू अंकल म्हटलं. मग शेठ म्हणाले, चल, टच में रहना.
टच में रहना म्हणाले. म्हणजे दार बंद झालेलं नाही.
दुपारी गुंडप्पा बोलावल्याशिवाय रिक्षा घेऊन आला. त्यानंच आईला उचललं. लातूरपर्यंत रिक्षा कुठं थांबवली नाही. आईनं चप्पल पिशवीत घालून बरोबर घेतली.

१५ सप्टेंबर, लातूर
दवाखान्याच्या पॅसेजमधे आहे. डॉक्टर तरुण आहेत, पण चांगले वाटले. म्हणाले, आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं. आता विष वर चढलंय, गुडघ्याखालून काढावा लागेल. मी विचारलं, आधी म्हणजे किती आधी? ते म्हणाले, ते आता राहू द्या.
नर्स विचारायला आली, पेशंटनं शेवटचं कधी खाल्लं? मी घड्याळ बघून ठेवलं होतं, साडेआठ म्हणालो. ती म्हणाली, आत्ता आठच वाजलेत. भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. मग मी तिला फुकेतची वेळ समजावून सांगायला लागलो. तिनं मधेच विचारलं, काका, तुम्ही आत्ता कुठं आहात?
मी म्हटलं, तात्पुरता इथंच.
सही केली.

१६ सप्टेंबर
उजवा पाय गेला.
लुंबिनी रात्रभर एसट्या बदलत आली. मला वाटलं, भांडेल. उत्तरं तयार ठेवली होती. ती आईच्या पायथ्याशी बसली आणि तिचा राहिलेला पाय मांडीवर घेऊन तळवा बघत राहिली.
मी माझी बाजू मांडली. म्हटलं, आई काही बोललीच नाही, बोलली असती तर मी थांबलो असतो का? तेव्हा आईनं डोळे उघडले. औषधानं जीभ जड झाली होती.
“तुजा फोन यायचा हाय म्हून बोलले न्हाई. म्हनलं, माज्यापायी लेकाचं जानं ऱ्हाईल.”
मी बाहेर गेलो. जिन्यात बसून रडलो. तिथं रडणारे बरेच असतात, कोणी बघत नाही.

२८ सप्टेंबर, उदगीर
घरी आलो. वास नाही. पिंजरा रिकामाच होता, तो गुंडप्पाला देऊन टाकला. त्यानं घेतला नाही.
लुंबिनी परत किनवटला गेली. जाताना ड्रेसिंग कसं करायचं ते शिकवून गेली. मी दोन वेळा करतो, पाण्यात बोट घालून पाणी कोमट आहे का बघतो, डावा तळवा रोज बघतो. हात चांगला बसलाय माझा. तिकडं पेशंट सांभाळणाऱ्यांना फार मागणी आहे, या लाइनचा विचार करायला हरकत नाही.

६ ऑक्टोबर
उद्या आश्विन पौर्णिमा, वर्षावासाची समाप्ती. आईला न्यायचं कसं, तर विहारातले लोकच म्हणाले, शेवटचा अध्याय सुमनबाईंच्या ओट्यावर वाचू. अंगण सारवलं. आईला पांढरी साडी नेसवून दिली. मला नीट नेसवता आली नाही, तिनं माझ्या हातून काढून घेतली आणि बसल्या बसल्या स्वतःच नेसली.

७ ऑक्टोबर
वाचन झालं. वंदना झाली, खीर झाली. सगळ्यांच्या चपला आमच्या अंगणात. आईनं मला पिशवी आणायला सांगितली आणि तिकडची चप्पल काढून ओट्यापाशी मांडली. दोन्ही, जोडीनं. बायका बघून तोंड फिरवत होत्या.
लोक गेल्यावर आईनं मला जवळ बसवलं. म्हणाली, “चप्पल लई चांगली हाय, पर येक नंबर बारीक झाली. आता गेलास की येक नंबर मोठी आन. डावीच लागंल.”
मी हो म्हटलं. सात नंबर. तिला कायम सातच लागत होता. लुंबिनीला माहीत होतं, चपलेच्या दुकानदाराला माहीत होतं.
माळवदावर जाऊन ग्रुपवर टाकलं: फुकेतला एकाच पायाची चप्पल मिळते का? डावी, सात नंबर. कोणाला माहिती असल्यास कळवावे.
सगळ्यांनी वाचलंय. अजून कोणाचं उत्तर आलेलं नाही.