ठणठणीत रक्ताची कुपी

लुंड, मंगळवार

प्रिय तूरे, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

काल मानेतली गाठ दाखवायला विद्यापीठाच्या आमच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात गेले. जुन्या धोबीखान्यात आम्ही चौघांनी सुरू केलं होतं ते. आता सात मजले झालेत, आणि कॉफी यंत्रातली, बेचव. तेव्हा रुग्णांच्या रक्ताशी ताडायला निरोगी रक्त लागायचं. आम्हीच द्यायचो, आणि सुई टोचणारा सगळ्यांना दालचिनीचे पाव खाऊ घालायचा.

काल रक्त घेणारी मुलगी म्हणाली, "मायलिस, तुमची तेव्हाची कुपी अजून फ्रीजरमध्ये आहे. तुमचं रक्त तुमच्याच रक्ताशी ताडू." आणून दाखवलीही.

काळजी करू नकोस. फक्त ईस्टरला आलास की जरा जास्त दिवस राहा.

कुपीवर माझंच अक्षर होतं: "मायलिस, ठणठणीत."

तुझी ताई