मिटणारा फोन आणि यांचा आवाज

१४ सप्टेंबर

पुण्याहून पुनमने फोन पाठवला. पुस्तकासारखा उघडतो – आत एक पडदा, बाहेर एक. म्हणे, "बाबा आत लिहितील, समोरच्याला बाहेर मोठ्या अक्षरांत दिसेल." होळीच्या आधी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये यांची स्वरपेटी गेली. लेकीने शोधून शोधून बापासाठी आवाज धाडला! मी रडले. हे मात्र दिवसभर उघड-मीट करत बसले.

१७ सप्टेंबर

आमचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान, म्हणजे निम्मं काम तोंडाचं. आज उखर्डूभाऊ आले. केळीला नळ्या हव्या होत्या. यांनी लिहिलं, फोन समोर धरला – उन्हात काही दिसेना. सावलीत गेले, तर भाऊंचा चष्मा घरी! "राहू द्या शेठ, मंग येस मी." गेले ते गेलेच.

उघडायला दोन्ही हात लागतात, आणि यांच्या एका हातात कायम नळी. खिशात ठेवला तर शर्ट लोंबतो. चार्जिंग संध्याकाळ बघत नाही. यापेक्षा पाटी-पेन्सिल बरी! पुनमला कोणत्या तोंडाने सांगू?

बोलून दाखवायची सोय आहे त्यात. पण बाईच्या आवाजात! दुकानात सगळे खो-खो हसले. यांनी ते बंद केलं, आता हात लावू देत नाहीत.

२३ सप्टेंबर

सासूबाईंना अक्षरओळख नाही. लेक फोन समोर धरतो, त्या त्याच्या तोंडाकडेच बघत राहतात. मग मी वाचून दाखवते. मायलेकांच्या मध्ये मी दुभाषी!

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवा गिळून बोलायला शिका. ढेकरेसारखा आवाज येतो म्हणून यांना लाज. फोन आल्यापासून प्रयत्नही सोडला. मी विषय काढला तर लिहिलं – "गरज नाही."

२ ऑक्टोबर, दसरा

काय लिहू!

दुकानातल्या हत्यारांची पूजा होती. सासूबाईंनी पाटावर फोनही मांडला, उघडून. "मना पोर्‍याना आवाज शे हाऊ. पहिले त्याले कुकू." लेकाचा आवाज, म्हणून पहिलं कुंकू त्याला! हळद-कुंकू, वर मूठभर अक्षता. हात जोडले आणि फोन मिटला – चांगला दाबून! आत तांदूळ तसेच. मी पोचेपर्यंत कर्र वाजलं.

आतला पडदा मधोमध काळा. संध्याकाळी बाहेरचाही विझला. हे उठून आतल्या खोलीत गेले. भरल्या सणाला मी सासूबाईंवर ओरडले. "वाहायचं कळतं, काढायचं कळत नाही?" बोलायला नको होतं.

४ ऑक्टोबर

जळगावात कोणी हात लावेना. एकाने धुळ्याला पाठवलं. मी एस.टी.ने गेले. तिथल्या मुलाने बिजागरीतून दाणा चिमट्याने काढून दाखवला आणि हसला. "मॅडम, हा फोन आपल्याकडच्या लोकांसाठी नाहीच."

आपल्याकडचे म्हणजे कोण? धुळीत काम करणारे? सण करणारे? चष्मा विसरणारे? मग उरलं कोण! दुरुस्ती होणार नाही म्हणाला. येताना बसमध्ये पदर तोंडावर घेऊन बसले.

५ ऑक्टोबर

यांनी दुकान उघडलं नाही. मी पाटी दिली, ती यांनी सरकवून दिली. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

सासूबाई दसऱ्यापासून नुसत्या चहावर. "मीच त्याना आवाज मोडा," एवढंच घोकतात. मी पाया पडले, माफी मागितली – ऐकत नाहीत. यांनी पाठीवर हात फिरवला, नाही-नाही म्हणून मान हलवली, तर त्या आणखीच रडल्या. घरात तीन माणसं, एकाचं दुसऱ्याला पोचत नाही. आता काही सुधारेल असं मला वाटत नाही.

६ ऑक्टोबर

सासूबाईंचं ताट आजही परत.

७ ऑक्टोबर

सकाळी भाकरी थापत होते. ओसरीवरून आवाज आला – घोगरा, तुटका, ढेकरेसारखा. "माय... जेव." पिठाच्या हातांनी धावले. हे ताट घेऊन आईपुढे बसलेले, घामाघूम. पुन्हा हवा गिळली. "जेव." मी दारातच थांबले. सासूबाई जेवल्या.