खाजगी दूरध्वनी, तीन ते तीन-दहा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसाठ, अभिलेख शाखेचा निवृत्त अधीक्षक, विधुर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या इच्छेने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालील असे घरात आता कोणी उरलेलेही नाही. टंकलिखित प्रत काढलेली नाही, कारण चौतीस वर्षांच्या सेवेत माझ्या स्वल्पविरामांशी इमान राखणारा एकही टंकलेखक मला भेटला नाही. यापूर्वी मी पत्नीच्या नावे केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. तिच्याआधी मी जाईन, या गृहीतावर ते केले होते.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळावे. न्हाणीघराचे दार अडकते. ते ढकलू नये, किंचित उचलून ओढावे. कपाटाची डावी बाजू तिच्या आईची आहे. ती मी एकोणीस महिने उघडलेली नाही. मुलीने उघडावी.

२. बँकेतील ठेवीही मुलीसच. सर्व कागद निळ्या फाइलीत तारीखवार लावलेले आहेत. जावईबापूंनी ती फाइल अवश्य पाहावी. मात्र ती 'नीट लावून' ठेवू नये. गेल्या खेपेस त्यांनी वीजबिले नीट लावली, ती मला अद्याप सापडलेली नाहीत.

३. माझे दोन छिद्रांचे पंच यंत्र, स्टेपलर, पोलादी पट्टी व टाचण्यांची डबी ही माझी खाजगी मालमत्ता आहे, कार्यालयाची नव्हे. भांडारपालाकडे टाचण्या मागितल्या, तर तो तीन प्रतींत मागणीपत्र मागे, आणि त्या तीन प्रती एकत्र टाचायला टाचणी नसे. म्हणून मी स्वतःची अवजारे बाळगली. ती धाकट्या भावाच्या मुलीस द्यावीत. ती नुकतीच नोकरीस लागली आहे. तिने पहिल्याच दिवशी प्रत्येक वस्तूच्या तळाशी नाव लिहावे. कार्यालयात माणसे सज्जन असतात. स्टेपलरच्या बाबतीत मात्र कोणाचाही भरवसा धरू नये.

तिला हेही सांगावे, की नोकरीत सुख नसते असे नाही. चारशे पानांची फाइल बांधताना टॅग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोठेही न अडता आरपार जातो, त्या क्षणी जे वाटते ते मला अन्यत्र फार थोड्या वेळा वाटले.

४. माझे शेवटचे वरिष्ठ यांना मी काहीही देत नाही. प्रत्येक टिपणीवर ते 'चर्चा करावी' असे लिहीत. चर्चेस गेलो की म्हणत, "आत्ता नको हो, टिपणी ठेवा ना." टिपणी ठेवली की ती 'चर्चा करावी' या शेऱ्यासह परत येई. एका छपराच्या दुरुस्तीचे प्रकरण असे सहा वर्षे फिरले. सातव्या वर्षी छप्पर पडले. तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारले, "हे माझ्या निदर्शनास का आणलं नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही मनात तयार करीत असतो, विशेषतः दाढी करताना.

५. शाखेतील आवक-जावक लिपिक, ज्यांना सर्व जण शेरेबहाद्दर म्हणत, त्यांच्याशी माझे बावीस वर्षे पटले नाही. ते परिपत्रकावर नुसती सही करीत नसत. 'पाहिले', 'पाहिले व समजले', 'पाहिले, समजले, पण पटले नाही' असे त्यांचे तीन दर्जे होते. माझ्या परिपत्रकांना पहिला दर्जा कधी मिळाला नाही. मी उघडलेली खिडकी ते बंद करीत. ही भांडणे मी येथे मिटवीत नाही. खिडकीच्या बाबतीत मीच बरोबर होतो.

ते या मृत्युपत्राचे साक्षीदार राहणार आहेत, आणि साक्षीदारास मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकिलांनी बजावले आहे. म्हणून त्यांना काही देत नाही. त्यांचे जे देणे लागतो, ते कलम आठमध्ये आहे.

६. शाखेत एकच दूरध्वनी होता, आणि तो शेरेबहाद्दरांच्या टेबलावर होता. दिवसभर त्यावर कोणाची मेहुणी, कोणाचा शिंपी, कोणाचा गॅसवाला. कंटाळून मी परिपत्रक काढले व दूरध्वनीच्या वर भिंतीला चिकटवले: खाजगी दूरध्वनी दुपारी तीन ते तीन-दहा या वेळेतच घ्यावेत, अन्य वेळी आलेला निरोप वहीत नोंदवून तीन वाजता संबंधितास द्यावा. खाली माझी सही. शेरेबहाद्दरांचा शेरा तिसऱ्या दर्जाचा.

पत्नी बरोबर तीनला फोन करी. सगळी शाखा कान टवकारून असे.

"जेवलात का?"

"होय. नोंद घेतली."

"अहो, नोंद कसली घेता? काय जेवलात ते सांगा."

"डब्यातले."

"डब्यात काय होतं?"

ते मात्र मला कधीच सांगता येत नसे. मग ती हसे, आणि ते हसू रिसीव्हरबाहेर दोन टेबलांपर्यंत जाई. मी कपाळाला आठ्या घालून जागेवर परतत असे. त्या आठ्या खोट्या होत्या, हे येथे नमूद करतो. दिवसाच्या कामात तेवढीच दहा मिनिटे माझी होती.

७. पत्नीची शिवणयंत्रापुढील हक्काची खुर्ची मुलीने न्यावी. माझी कार्यालयीन खुर्ची, जी निरोप समारंभात मला भेट मिळाली, ती कोणीही नेऊ नये. तिचे एक चाक आठ वर्षे नादुरुस्त होते व तशीच ती मला हारासकट देण्यात आली.

८. शुक्रवार, दिनांक १२ ऑगस्ट १९९४. त्याच्या आदल्या आठवड्यात शेरेबहाद्दरांनी एका टंकलेखिकेला सकाळी साडेदहाला फोनवर बोलावले, म्हणून मी त्यांना ताकीद देणारे लेखी ज्ञापन दिले होते. तिच्या मुलाचा निकाल लागला होता. मी ज्ञापनात लिहिले की निकाल तीन वाजताही तोच राहिला असता.

त्या शुक्रवारी अकरा बत्तीसला माझ्या पत्नीचा फोन आला. शेरेबहाद्दरांनी वहीत नोंद केली: 'घरून फोन. छातीत कसेसे होते. जमल्यास लवकर यावे.' तीन वाजता वही माझ्यापुढे आली. मी पावणेचारला घरी पोचलो. ती दूरध्वनीशेजारी जमिनीवर बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, दीडपर्यंत आणले असते तर काही करता आले असते.

मी मुलीला सांगितले, "निरोप मला तीनला मिळाला." हे वाक्य शब्दशः खरे होते. अशी शब्दशः खरी वाक्ये लिहिण्यात माझी हयात गेली.

संध्याकाळी घर माणसांनी भरले होते. शेरेबहाद्दरही आले. मुलगी सर्वांदेखत त्यांना म्हणाली, "फोन तुम्ही घेतलात ना, काका? आणि साडेतीन तास ती वही घेऊन बसून राहिलात? माझी आई त्यात गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी शर्टाच्या बाहीचे बटण लावीत होतो. ते म्हणाले, "हो. फोन मीच घेतला." आणि निघून गेले. पुढे शाखेत त्यांच्याजवळ डबा उघडायला कोणी बसेना. त्यांची सून व माझी मुलगी एकाच शाळेत शिकवतात. त्यांचे बोलणे त्या दिवसापासून बंद आहे.

जे कोणाला ठाऊक नाही ते असे. अकरा पस्तीसला शेरेबहाद्दर वही घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. "साहेब," एवढेच ते म्हणाले. मी त्यांच्या हातातली वही पाहिली. मान वर न करता मी म्हणालो, "तीन वाजता." ते हलले नाहीत. म्हणाले, "साहेब, हे जरा—" मी म्हणालो, "ज्ञापन विसरलात काय?" तेव्हा ते परत गेले.

दोष त्यांचा नाही. माझा आहे. माझ्या पश्चात हे कलम मुलीने सर्वांना वाचून दाखवावे.

९. हे कलम आज साक्षीदारांसमक्ष, सही करण्यापूर्वी वाढवीत आहे.

शेरेबहाद्दर चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. दुसरे साक्षीदार, शेजारचे घड्याळजी, म्हणाले, "अहो, साक्षीदारानं फक्त सही करायची असते."

"तुम्ही घड्याळ उघडून बघता, की नुसतं हलवून परत देता?" असे म्हणून ते वाचीत राहिले. आठव्या कलमाशी थांबले. कागद खाली ठेवला.

"साहेब, हे कशाला लिहिलंत?"

"खरे आहे म्हणून."

"खरं आहे ते मला ठाऊक आहे. पण हे वाचणार कधी? तुम्ही गेल्यावर. आणि तुमची तब्येत तर ठणठणीत दिसतेय. म्हणजे अजून वीस वर्षं मी मान खाली घालून फिरायचं? मध्येच मी गेलो तर?"

"तशी तरतूद करता येईल. कलमाला एक परिशिष्ट—"

"तरतूद!" बावीस वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. "अहो, फोन तो काय, तिथे आहे!"

मी मुलीला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, "बाबा? आज कसा फोन? काय झालं?" कारण मी तिला रविवारी सहा वाजताच फोन करतो. मी तिला कलम आठ वाचून दाखवले. न वाचता सांगणे मला जमले नसते. मी दोनदा "हॅलो" म्हणालो.

मग ती म्हणाली, "बाबा, तुमच्याशी मी नंतर बोलेन. कधी, ते आत्ता नाही सांगता येणार. काका आहेत तिथे?"

"आहेत."

"त्यांना द्या."

रिसीव्हर त्यांच्या हाती देऊन मी स्वयंपाकघरात गेलो. त्यांचे काय बोलणे झाले हे मला माहीत नाही, म्हणून येथे लिहीत नाही. मी बाहेर आलो तेव्हा ते चष्मा पुशीत होते. घड्याळजींनी सुचवले की आता कलम आठ खोडण्यास हरकत नसावी. ते खोडू नये.

मुलीने यापुढे मला फोन केला नाही, तरी वरील सर्व कलमे कायम राहतील. घर तिचेच आहे.

स्थळ: राहते घर
शनिवार, दिनांक ९ मार्च १९९६, सकाळी ११ वाजून २५ मिनिटे

लिहून देणार: (सही) निवृत्त अधीक्षक, अभिलेख शाखा

वरील सही आमच्यादेखत झाली व आम्ही एकमेकांदेखत सह्या केल्या.

साक्षीदार पहिले: (सही) आवक-जावक लिपिक
साक्षीदार दुसरे: (सही) शेजारी, घड्याळदुरुस्ती