रिकाम्या आल्तारापुढे

१ ऑक्टोबर १९९६, मंगळवार

मारियेच्या माळेचा महिना सुरू झाला, रोज एका घरी जमून जपमाळ म्हणायची. पहिली माळ डिमेलोबाईंच्या घरी. आमची पाळी सोळा तारखेला. मागच्या वर्षी आमच्याकडे ठेवली नव्हती, मार्चमध्ये आमचा लहानगा एडविन गेला होता. कुणी विचारलंही नाही. यंदा मीच म्हटलं, आमचं नाव घ्या. घरात पुन्हा माणसांचा आवाज व्हायला हवा.

नवऱ्याला, इनासला, सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "सोळाला मला ओव्हरटाइम आहे."

पंधरा दिवस आधी कुठल्या कंपनीत ओव्हरटाइम कळतो?

६ ऑक्टोबर, रविवार

देवळात मिस्सेला एकटीच गेले. हा तिसरा रविवार. "रबाळ्याला मशीन बंद पडलंय, जावंच लागेल." दुपारी आला तर केस ओले. म्हणे कंपनीत अंघोळ केली. जेवला, झोपला. झोपेत हसत होता. दीड वर्षात त्याला असं पाहिलं नव्हतं. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू.

९ ऑक्टोबर, बुधवार

जिन्यात सरोजिनीताई भेटल्या, खालच्या मजल्यावरच्या. "तेरेजा, इनासभाऊ बरे आहेत ना?"

"का हो?"

"आमच्या यांनी रविवारी बघितलं. तुर्भ्याला आपल्या दुकानामागे तो हॉल आहे ना, गोडाऊनच्या वर? तिथून बाहेर येत होते. पांढरे कपडे, नखशिखांत ओले. आणि लोक टाळ्या वाजवत होते! हे म्हणाले, टाकीत पडले की काय."

पडले नाहीत, ताई. उतरले. स्वतःच्या पायांनी.

तो हॉल मला माहीत आहे. नवीन प्रार्थनावाले. मोठ्या माणसांना टाकीत बुडवून पुन्हा बाप्तिस्मा देतात.

संध्याकाळी सरळ विचारलं. नाकारलं नाही. म्हणाला, "हो, घेतला."

"तुझा झालाय बाप्तिस्मा! आठ दिवसांचा होतास!"

"तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

आणि मग सगळं बाहेर आलं. बायबलात एकच मध्यस्थ सांगितलाय. मारिया, संत, सगळी माणसंच, मेलेली माणसं. त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावणं म्हणजे मूर्तिपूजा. "किल्ली हरवली की संत अंतोनी, केस अडकली की संत ज्यूड. हे काय सरकारी ऑफिस आहे? टेबलाटेबलावर फाइल फिरवायची? मी आता थेट साहेबाच्या केबिनमध्ये जातो."

मी म्हटलं, "ती क्लार्क नाहीये, इनास. ती त्याची आई आहे."

तो उठून गॅलरीत गेला.

मला बाप्तिस्म्याचं एवढं नाही. ओल्या केसांनी माझ्या हातचं जेवला आणि मला मशीनची गोष्ट सांगितली, याचं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

फादरांना भेटले. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, "आपण मारियेची पूजा करत नाही, तेरेजा. पूजा देवाची. तिला आपण फक्त सांगतो, आमच्यासाठी विनंती कर. शेजारणीला नाही का सांगत, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून? संत म्हणजे पलीकडे राहायला गेलेले शेजारी."

छान सांगितलं. घरी येताना विचार करत होते — शेजारणीला आपण सांगतो, आणि शेजारीण विसरली तर? हे मात्र विचारायचं राहिलं. की धीर झाला नाही?

१६ ऑक्टोबर, बुधवार

लिहवत नाही. पण लिहिते, नाहीतर छाती फुटेल.

शाळेतून येताना वाशीच्या मार्केटातून शेवंती घेतली. कुलूप उघडलं. आल्तारावर, आमच्या देवाच्या फळीवर, काही नाही! आईने लग्नात दिलेली मारियेची मूर्ती नाही, संत अंतोनी नाही, माझ्या सासूबाईंची संत आनाची तसबीरसुद्धा नाही. फक्त येशूचा क्रूस. बाकी फळीवर धुळीत गोल गोल डाग.

अर्ध्या तासात माणसं यायला लागली. डिमेलोबाई, वरचे परेरा, मुलंबाळं, अठरा-वीस जणं. कतरिन आली वाशीहून, माझी सख्खी बहीण. तिला मुद्दाम बोलावलं होतं आधाराला! सगळे आल्ताराकडे बघताहेत आणि कुणी काही विचारत नाहीये. सरोजिनीताई दारात चपला नीट लावत होत्या, त्याही थांबल्या.

मी शेवंती रिकाम्या जागेत ठेवली आणि गुडघ्यावर बसले. म्हटलं, सुरू करा. रिकाम्या फळीपुढे आम्ही माळेची पाचही रहस्यं म्हटली. शेवटच्याला इनास आला. दारातच उभा राहिला. ओव्हरटाइम नव्हताच.

आमेन झालं तसा म्हणाला, "मी काढल्या. मला कुणाचं मन दुखवायचं नाही. पण या घरात आता एकालाच मान मिळेल."

या घरात! घर काय एकट्याचं आहे? सिडकोच्या हप्त्यात माझा पगार जात नाही?

मी कतरिनकडे बघितलं. ती सोडून सगळे माझ्याकडे बघत होते. ती जमिनीकडे. तेव्हाच कळलं, तिला माहीत होतं. बोलायची गरज नव्हती तरी बोलली — "तेरेज, मी तुला सांगणारच होते."

माळेनंतर वाटायला आणलेले चणे आणि केळी कुणी खाल्ली नाहीत.

१७ ऑक्टोबर

विचारलं, कुठे आहेत? म्हणाला, "खाडीत सोडल्या."

आईने वसईहून मांडीवर घेऊन आणली होती ती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कतरिनच्या घरी गेले. जाणार नव्हते, पण तोंडावर विचारल्याशिवाय झोप लागेना.

ती दोन वर्षं जातेय त्या हॉलमध्ये. एडविन गेल्यावर मी आईकडे वसईला होते, तेव्हा इनास इथे एकटा. तिनेच त्याला नेलं पहिल्यांदा. "तो भिंतीकडे बघत बसायचा गं. जेवायचा नाही. तिथे जाऊन पहिल्यांदा रडला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सहन झालं नसतं. आम्ही दोघं तुझ्यासाठी प्रार्थना करत होतो."

"कसली?"

मग म्हणाली, "तू त्या माळेतून सुटावीस म्हणून."

म्हणजे दीड वर्ष मी गुडघ्यावर बसून या दोघांसाठी मारियेला विनवत होते, आणि हे दोघं तुर्भ्यात बसून मला तिच्यापासून तोडायला विनवत होते! एकाच देवाला! त्याने कुणाचं ऐकायचं?

एका ताटात जेवलो आम्ही बहिणी. एडविनला पहिल्यांदा तिनेच अंघोळ घातली. चहा ठेवला होता तिने. तसाच टाकून उठले.

२ नोव्हेंबर, शनिवार. वसई

मृतांचा दिवस. काल संध्याकाळीच आईकडे आले. आईने मूर्तीचं विचारलं, मी म्हटलं रंगवायला दिलीय. झालं, आता मीही खोटं बोलते.

सकाळी सिमेट्रीत एडविनची कबर झेंडूने मढवली. त्याच्या उंचीएवढीच आहे. मेणबत्ती वाऱ्याने राहीना. मागून कुणीतरी तळहाताचा आडोसा केला. बघते तर इनास! पहाटे निघून आला होता. त्यांच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, तरी आला.

मी म्हटलं, "इथे तुझं काय काम?"

"बाप आहे मी त्याचा."

मग तो बोलायला लागला, कबरीकडेच बघत. "हॉस्पिटलात तू वर वॉर्डात माळ घेऊन बसली होतीस. डॉक्टर म्हणत होते मेंदूज्वर, वाट बघा. मी खाली गेटपाशी. तुला वाटलं सिगरेट ओढायला गेलो. मी तिच्याशीच बोलत होतो, तेरेज. मारियेशी. नवस केला, नेरूळच्या घरापासून इथे वसईत तिच्या रमेदीच्या देवळापर्यंत अनवाणी चालत जाईन. म्हटलं, तुझाही एकच होता. तुला माहीत आहे कसं असतं ते. तू एक शब्द टाक."

मला हे माहीतच नव्हतं. दीड वर्ष एका घरात राहून माहीत नव्हतं.

"तिचा तिसऱ्या दिवशी उठला," तो म्हणाला. "आपला तिसऱ्या दिवशी गेला. मग मी तिच्याशी काय बोलू?"

मी रागाने बोलून गेले — "आणि थेट साहेबाशी बोलून तुला काय मिळालं?"

"काही नाही. पण निदान कळतं, कुणावर रागवायचं."

आई फुलं घेऊन आली आणि आम्ही गप्प झालो. तो तिच्या पाया पडला आणि परत गेला. माझ्याबरोबर थांबला नाही, मीही थांब म्हटलं नाही. मूर्ती खाडीत सोडल्याची माफी त्याने मागितली नाही. मी माफ केलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

घरी दोघंच. मीठ दे, पंखा बंद कर, एवढंच बोलणं. माळ मी रोज म्हणते, फळीकडे पाठ करून. तो तेव्हा गॅलरीत जातो. दार लोटून घेतो — आवाज होणार नाही असं, हळूच.

३ डिसेंबर

कतरिनचा फोन शाळेत आला. घेतला नाही.

९ डिसेंबर, सोमवार

निष्कलंक मारियेचा सण. काल रविवार होता म्हणून यंदा आज. शाळेतून परस्पर मिस्सेला गेले, नंतर बायकांबरोबर माळेला बसले. 'आमच्यासाठी विनंती कर' इथवर आले आणि पुढचं तोंडातून निघेना. हॉस्पिटलात तीन दिवस मी हेच म्हणत होते. तिने केली होती का विनंती? दोन महिने मी इनासला जाब विचारला, कतरिनला विचारला. मारियेला कधीच नाही. तिच्यापुढे नुसतीच गोड गोड बोलत राहिले, घाबरून. आज विचारलं. केली होतीस का? एकदा तरी? डिमेलोबाईंनी दोन्ही हातांनी मला धरलं तेव्हा कळलं — मी ओरडत होते.